वाचकांचे प्रश्न : लाखो गाई मारल्या, मग त्या टाकल्या कुठे?

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार. लम्पीच्या साथीत आमच्या शेजाऱ्यांची गाय गेली, ऐन पावसात जेसीबी मिळेना, दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या वस्तीला वास. तेव्हा पारावर कोणीतरी म्हणालं की इंग्लंडात मॅड काऊच्या वेळी सरकारने लाखो गाई मारल्या. एका गायीला आमची ही गत, मग त्यांनी लाखो गाई टाकल्या कुठे? एकजण तर म्हणतो मांस गुपचूप बाहेर विकलं. खरं का?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : विकलं नाही हो, तीच तर सगळी अडचण होती. झालं असं की मॅड काऊ म्हणजे बीएसई हा रोग तिकडे 1986 साली ओळखला गेला, आणि तो पसरला खाद्यातून, म्हणजे मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांची भुकटी परत गाईंनाच चारत होते त्यातून. 1988 ला ती भुकटी चारणं बंद केलं, 1989 ला मेंदू, मणक्यातला मज्जारज्जू वगैरे माणसाच्या खाण्यातून काढले, आणि सरकार लोकांना सांगत राहिलं की बीफ खायला काही हरकत नाही. मग मार्च 1996 मध्ये त्यांच्याच आरोग्यमंत्र्याला संसदेत सांगावं लागलं की माणसांना होणाऱ्या एका नव्या मेंदूच्या आजाराचा याच्याशी संबंध असावा. आठवडाभरात युरोपने ब्रिटिश बीफ बंद केलं.

मग नियम आला, 30 महिन्यांवरचं जनावर माणसाच्या पोटात जाता कामा नये. कारण हा रोग कोवळ्या जनावरात क्वचितच दिसतो, चार-पाच वर्षांच्या गाईत दिसतो. म्हणजे दूध आटलेली प्रत्येक म्हातारी गाय, रोग असो नसो, सरकारने वजनावर पैसे देऊन घ्यायची आणि नष्ट करायची. हा नियम 2005 पर्यंत चालला आणि 40 लाखांच्या वर जनावरं त्यात गेली.

आता तुमचा प्रश्न, टाकली कुठे. एवढ्या गाई जाळायला तेवढ्या भट्ट्याच नव्हत्या! म्हणून बहुतेक जनावरं प्लँटमध्ये शिजवून, पाणी उडवून, चरबी वेगळी आणि मांसाहाडांची भुकटी वेगळी अशी केली. जागा कमी लागते, वास कमी, सडत नाही. पण बीएसईचं कारण जे प्रथिन आहे ते साध्या शिजवण्याने मरत नाही (ते जिवंतच नसतं, तर मरणार काय), म्हणून ती भुकटी कशालाच वापरता येईना. लाखो टन माल गोदामांत भरून ठेवला, वर्षानुवर्षं, आणि मग हळूहळू भट्ट्यांत जाळला. काही तर वीज केंद्रात इंधन म्हणून गेला, म्हणजे गाईवर बल्ब पेटले म्हणा. मारायचा निर्णय झटक्यात झाला आणि माल कुठे ठेवायचा ते नंतर शोधत बसले, माझ्या मते सरकारचं चुकलं ते इथे.

आणि त्यातून सावरतायत तोवर 2001 ला तिकडे लाळ्या खुरकूत आला. त्यात गाई, मेंढ्या, डुकरं मिळून 60 लाखांच्या वर जनावरं मारली. ते फोटो तुम्ही पाहिले असतील, शेतात लांबच लांब चर खणून कोळसा, रेल्वेचे लाकडी स्लीपर टाकून ढीग पेटवलेले आणि हवेत तंगड्या. लोक इतके भडकले की ते जाळणं मे महिन्यात बंदच करावं लागलं. इंग्लंडच्या उत्तरेला कम्ब्रियात ग्रेट ऑर्टन नावाच्या जुन्या विमानतळावर लष्कर लावून मोठमोठे खड्डे केले, तिथे साडेचार लाखांच्या वर जनावरं पुरली, बहुतेक मेंढ्या. खड्ड्यातून जे पाणी पाझरतं ते गोळा करून टँकरने नेऊन शुद्ध करावं लागलं. आणि गंमत बघा, 1 ऑगस्ट 1996 च्या आधी जन्मलेली गाय पुरायला परवानगीच नाही, कारण तिच्यात बीएसई असू शकतो, ती जाळायची किंवा प्लँटलाच पाठवायची. एका साथीचं दुखणं दुसऱ्या साथीत असं आडवं आलं.

आपल्याकडे बीएसई कधी सापडलेला नाही, तेव्हा ती भीती नको.

प्रश्न : लम्पीने मेलेलं जनावर पुरताना विहिरीची काळजी काय घ्यायची? आणि भरपाई मिळते का?
– वाचक, सिन्नर

उत्तर : विहीर, बोअर, नाला, कॅनॉल यापासून जितकं लांब जमेल तितकं, आणि चढावर असलेली जागा पाहा. आपल्या भागात वर काळी माती आणि खाली मुरूम, खडक, आणि खडकाला भेगा. त्यातून पाणी कुठल्या कुठे जातं. पावसाळ्यात खड्डा खणला की तासाभरात त्यात पाणी साचतं, अशी जागा सोडा. सात-आठ फूट खोल खड्डा, वर-खाली चुना, आणि मातीचा ढीग उंच ठेवा, कारण तो नंतर बसतो आणि कुत्री उकरतात. कातडं काढू नका. गोचिड आणि माशा हाच रोगाचा रस्ता आहे, म्हणून मेलेलं जनावर ट्रॅक्टरवर टाकून गावभर फिरवू नका.

2022 च्या साथीत राज्याने दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये दिले होते, पण पंचनामा झालेला हवा. तेव्हा आधी जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या हेल्पलाइन नंबरला फोन, फोटो, पंचनामा आणि मगच माती. लोक घाईत पुरून टाकतात आणि मग ऑफिसात चकरा मारतात.

प्रश्न : लम्पी झालेल्या गाईचं दूध प्यावं का?

उत्तर : लम्पी माणसाला होत नाही. उकळून प्या.

प्रश्न : आमच्याकडे हरसूल भागात गिधाडांना मेलेली जनावरं घालतात. मग पुरायची कटकट कशाला, लम्पीचं जनावरही तिथेच दिलं तर?
– वाचक, त्र्यंबकेश्वर तालुका

उत्तर : विचार चांगला आहे पण नको. गिधाडाला लम्पीने स्वतःला काही होणार नाही, त्याचं पोट जबरदस्त असतं, पण जनावर तिथपर्यंत नेताना वाटेत रोग सांडत जाईल. दुसरं म्हणजे आजारी जनावराला शेवटच्या दिवसात इंजेक्शनं दिलेली असतात. डायक्लोफेनॅक हे दुखणं थांबवणारं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून पोटात जाऊन देशातली गिधाडं संपत आली, म्हणून 2006 ला जनावरांसाठी ते बंद झालं, 2023 ला त्याच जातीची केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही औषधंही बंद केली. तरी माणसांचं इंजेक्शन जनावराला टोचणारे अजून आहेत. साथीचा रोग नसलेलं, आणि ज्याला काय काय टोचलं ते तुम्हाला पक्कं माहीत आहे, असंच जनावर तिथे द्या, आणि आधी वनखात्याच्या माणसाला विचारून.