सेव्ह दाबलं की बोर्ड बिघडतो? आधी मॅप फाइल उघडा

भाऊ, सेटिंग फ्लॅशमध्ये (चिपमधली लाइट गेली तरी टिकणारी मेमरी, कोडही तिथेच असतो) सेव्ह केली की बोर्ड बिघडतो, हे तुमचं वाचलं आणि तीन वर्षांपूर्वीचा माझाच ऑक्टोबर आठवला. एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप, सेटिंग सेव्ह केली की स्क्रीनवर भलतंच काहीतरी, कधी हँग, आणि परत प्रोग्रॅम मारला की एकदम ठणठणीत. डिट्टो.

फ्लॅशवर लिहायचे नेहमीचे नियम, म्हणजे अनलॉकच्या दोन कीज, पेज (फ्लॅशचा एकदमच पुसला जाणारा तुकडा) इरेज, बिझी बिट, १६-१६ बिटांनी लिहायचं, हे सगळं तुम्ही केलेलं दिसतंय, त्यात मी पडत नाही. मला वेगळाच संशय आहे.

मी ड्रिपचे टायमर बनवायचो, नाशिकच्या अंबडला छोटं वर्कशॉप, माल सगळा दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत. सेटिंगसाठी मी ०८००८००० या पत्त्याचं पेज कोडमध्ये सरळ लिहून टाकलेलं. म्हणजे फ्लॅशच्या सुरुवातीपासून बरोब्बर ३२के (किलोबाइट) वर. तेव्हा कोड २९के होता, म्हटलं मधे भरपूर जागा आहे. मग शेतकरी म्हणाले इंग्रजी नको, म्हणून मराठी फॉन्ट घातला आणि बायनरी (चिपमध्ये जाणारा तयार प्रोग्रॅम) गेली ३४के वर. लिंकरला (कोडचा कुठला भाग कुठे बसवायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर) माझ्या त्या पेजची खबरच नाही, त्यानं फॉन्ट नेमका तिथेच नेऊन बसवला.

आता गंमत बघा. वर्कशॉपमध्ये सगळं झकास, कारण ताज्या प्रोग्रॅममध्ये फॉन्ट शाबूत आणि मी डिफॉल्ट सेटिंगवरच टेस्ट करायचो. बागेत गेल्यावर शेतकऱ्यानं पहिल्यांदा वेळ बदलली की पेज इरेज, म्हणजे सगळे बिट १, म्हणजे स्क्रीनवर 'ट'च्या पुढची सगळी अक्षरं भरीव चौकोन! क ख ग व्यवस्थित. आणि वेळ मात्र बरोबर सेव्ह व्हायची, वाचून पडताळली तरी बरोबर, त्यामुळे फ्लॅशवर संशय येणार कसा?

मी डिस्प्लेवर खापर फोडलं. ज्यांच्याकडून घेतले त्यांचं नाव घेत नाही, पण तीन आठवडे नुसतं बिल आणा, मेल करा, फोटो पाठवा, आणि शेवटी काय तर 'शेतातलं व्होल्टेज खराब, वॉरंटीत बसत नाही'. एकानेही डिस्प्ले जोडून पाहिला नाही. इकडे छाटणीचे दिवस, रोज फोन. मी येडा, त्यांचं ऐकून चाळीस बोर्डांवर जास्तीचे कपॅसिटर लावत बसलो.

सापडलं ते 'प्लॉट' या शब्दामुळे. त्यातल्या 'ट'च्या जागी चौकोन नव्हता, विस्कटलेले ठिपके होते, आणि वेळ बदलली की ठिपके पण बदलायचे. 'ट'च्या ३२ बाइट्समध्ये माझ्या सेटिंग्जच बसल्या होत्या ना!

तर मॅप फाइलमध्ये (काय कुठल्या पत्त्यावर बसलं याची लिंकरने बनवलेली यादी) शेवटचा पत्ता बघा, तुमच्या सेटिंग पेजच्या पुढे गेलाय का. गेला असेल तर पेज नुसतं पुढे सरकवू नका, ती परत तीच चूक. लिंकर स्क्रिप्टमध्ये (लिंकरला मेमरी किती ते सांगणारी फाइल) फ्लॅश ६४के ऐवजी ६२के करा आणि शेवटची दोन पेजेस सेटिंगला ठेवा, मग कोड वाढला तर बिल्डच होणार नाही. दोन अशासाठी की आपल्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, नवीन कॉपी दुसऱ्या पेजवर लिहायची, खरी असल्याची खूण सगळ्यात शेवटी, आणि मगच जुनी पुसायची. (हे एफ१०३ सी८ पुरतं, १के चं पेज. एसटीएम३२ च्याच एफ४ चिपमध्ये पेजऐवजी सेक्टर १६के पासून १२८के पर्यंत असतात, तिथे हिशोब वेगळा.)

आणि ते दर मिनिटाला सेव्ह करताय ते आधी बंद करा हो! डेटाशीटमध्ये एक पेज १०,००० वेळा पुसून लिहिण्याचीच हमी आहे, तुमच्या वेगानं ते आठवड्याभरात संपेल. शिवाय पेज इरेजला २० ते ४० मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ फ्लॅशमधून चालणारा कोड थांबून राहतो, ९६०० बॉडवर सिरियल चालू असेल तर मधले २०-४० बाइट्स गेले समजा.

माझा अंदाज चुकीचाही असेल, कोड बघितलेला नाही. मॅप फाइलच्या शेवटच्या चार ओळी आणि सेटिंगचा पत्ता इथे टाका, रात्री बघतो.