मित्रानं पाठवलेलं बोरिस ह्या जपानी बँडचं तासाभराचं गाणं दहा मिनिटांत बंद केलं, ह्यात ऐकायचं काय असतं आणि सुरुवात कुठून करायची?

तुमच्या मित्रानं तुम्हाला मागच्या दारानं आत ढकललंय, दुसरं काही नाही. तुम्ही लिहिलंय की एकच गाणं, नुसती घरघर, ड्रम कधी येणार म्हणून वाट बघितली आणि दहाव्या मिनिटाला कंटाळून बंद केलं. ते 'अ‍ॅब्सोल्यूटेगो' असणार, बोरिसचा 1996 चा पहिला अल्बम, अख्खा अल्बम म्हणजे तेवढं एकच तासाभराचं गाणं. मी पहिल्या खेपेला सात मिनिटं पण टिकलो नव्हतो, त्यामुळे तुम्ही माझ्यापेक्षा बरेच की.

मी बेळगावचा, वडगावात वाढलो, घरचे पॉवरलूम. घरचे म्हणजे अगदी घरातच, पुढच्या सोप्यात आम्ही सहा माणसं आणि मागच्या शेडमध्ये चार माग, मध्ये एक भिंत. धोटा इकडून तिकडं जातो त्याची खटखट आणि तिच्या खाली मोटरची घूं, ही घूं कानाला कमी आणि पाठीला जास्त कळते, फरशीवर झोपलं की विशेष. आता दोन माग शेजारी असले तरी दोघांची चाल अगदी एक कधी नसते, एकाचा पट्टा जरा सैल असतोच, मग होतं काय की दोन्हींची खटखट थोडा वेळ एकत्र पडते, मग एक मागं राहायला लागतो, मध्ये नुसता गोंधळ ऐकू येतो आणि बऱ्याच वेळानं दोघं परत एकावर एक येतात. लहानपणी झोप लागेपर्यंत मी ते कधी जुळतात ह्याची वाट बघत पडायचो. हे सगळं सांगायचं कारण पुढं येईल.

बँडची माहिती थोडक्यात. 1992 ला टोकियोत सुरू झाले, तेव्हा चौघं होते, ताकेशी, वाता, आत्सुओ आणि ड्रमवर नागाता. आत्सुओ तेव्हा नुसता गायचा. 1996 ला नागाता गेला, आत्सुओ ड्रमवर बसला आणि तेव्हापासून हेच तिघं. वाता लीड गिटार वाजवते, अगदी शांत उभी राहून, चेहऱ्यावर काही नाही, जणू बँकेत रांगेत उभी आहे आणि समोर अँपमधून, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून, डोंगर कोसळत असतो. ताकेशीकडं दोन मानांचं वाद्य असतं, एक मान बेसची आणि एक गिटारीची, कारण तीनच माणसांत खालचा आवाजही भरायचा आणि ऱ्हिदमही धरायचा तर दुसरा उपाय काय. नाव घेतलं ते अमेरिकेतल्या मेल्विन्स ह्या बँडच्या एका गाण्यावरून, त्यांच्या 1991 च्या 'बुलहेड' अल्बममधलं पहिलंच गाणं 'बोरिस'. ते गाणं एकदा ऐका, साडेआठ मिनिटं एकच रिफ, म्हणजे गिटारीची परत परत येणारी ओळ, रेड्यासारखी चालत राहते, मग ह्या पोरांच्या डोक्यात काय शिरलं होतं ते लगेच कळेल.

आणखी एक गंमत. ही मंडळी आपलं नाव कधी इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापायची आणि कधी सगळं लहान अक्षरांत. मोठ्या अक्षरांत म्हणजे रॉकच्या बाजूचा माल, लहान अक्षरांत म्हणजे प्रयोगाच्या बाजूचा. सगळीकडं हे पाळलं असं नाही पण जुन्या अल्बमना बऱ्यापैकी लागू पडतं. तुमच्या मित्रानं तुम्हाला लहान अक्षरांतला बोरिस पाठवला.

मला बोरिस मिळाला 2007 च्या सुमारास, इंजिनिअरिंगला असताना. बेंगळुरूचा एक रूममेट पेन ड्राइव्हमध्ये 'पिंक' घेऊन आला होता. हा 2005 ला जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत निघाला आणि बाहेरच्या जगाला हा बँड खऱ्या अर्थानं ह्याच अल्बमनं कळला. पहिलं गाणं सात मिनिटांचं, हळू, धुक्यासारखं, गिटारी एवढ्या फुगलेल्या की गाणं कुठं आणि आवाज कुठं कळत नाही, आणि ते संपतं न संपतं तोवर दुसरं गाणं बुलेटची किक बसावी तसं सुटतं. मी सुट्टीत घरी आलो तेव्हा ते मोठ्यानं लावलं होतं, आज्जी आतून आली आणि म्हणाली, "काय करूलालास रे, टीव्ही बिघडला काय?"

आता मुद्द्यावर येतो, ऐकायचं काय. तुम्ही त्यात चाल शोधत होता. चाल आहे, पण ती खूप मंद आहे आणि मुख्य गोष्ट ती नाहीच, मुख्य गोष्ट अँपमधून निघणारा आवाज स्वतः काय करतो ती आहे. त्यांच्या 1998 च्या अल्बमचं नावच 'अँप्लिफायर वर्शिप', म्हणजे अँपची पूजा, ह्याहून सरळ कोण सांगणार.

माझा मामा शहापुरात भजनाला बसायचा, त्याच्याकडं मिरजेहून आणलेला तंबोरा होता. लहानपणी मी एकदा घोडीवरचा, तारेखालचा तो दोरा उगाच ओढून काढला आणि तंबोरा एकदम मुका झाला. तार वाजायची पण नुसती टण्ण, ती भुणभुण गेली. मामानं कानाखाली दिली आणि मग शांतपणे दोरा परत घालून, किंचित किंचित सरकवून, जवारी कुठं उघडते ते मला ऐकवलं. एका ठराविक जागी दोरा आला की एका तारेतून पाच-सहा स्वर निघायला लागतात. गिटारीतला फझ, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारं यंत्र, तोच दोरा समजा, फक्त विजेचा. तारेतून आलेली लाट तो वरून-खालून छाटतो, छाटली की तिच्यात वरचे स्वर जन्माला येतात, आणि तार हळूहळू विरत गेली की ते वरचे स्वर एकेक करून पुढं येतात आणि जातात. म्हणून ही माणसं एक तार छेडून अर्धा मिनिट थांबतात. आळस नाही तो, तेव्हाच तर खरं गाणं चालू असतं.

आणि फझमधून तीन-चार स्वर एकदम वाजवले की चिखल होतो, स्वर एकमेकांना धडकून भलतेच आवाज काढतात, म्हणून हेवी रॉकवाले बहुतेक वेळा दोनच स्वर धरतात, मूळ स्वर आणि त्याचा पाचवा. म्हणजे सा आणि प! तंबोऱ्यात जे असतं तेच. हे मला कळलं तेव्हा मी मामाला फोन केला होता, तो म्हणाला बरं बरं, जेवलास काय.

वाताचा फझ पण प्रसिद्ध आहे, जुन्या बिग मफ ह्या पेडलचा (पायानं दाबून चालू करायच्या डबीचा) एल्क कंपनीनं काढलेला जपानी अवतार. 2021 ला अमेरिकेतल्या अर्थक्वेकर डिव्हायसेस कंपनीनं तिच्या ह्याच पेडलवरून 'हिझुमितास' नावाचं पेडल काढलं. जपानीत हिझुमी म्हणजे डिस्टॉर्शन, आवाजाचं वेडंवाकडं होणं.

बाकी ताकद आहे ती ट्युनिंग खाली उतरवण्यात. गिटारीची सगळ्यात जाड तार साधारण 82 हर्ट्झला असते, म्हणजे सेकंदाला 82 वेळा थरथरते, ती खालच्या ए ह्या स्वराला नेली की 55, आणि आपल्या लाइटीची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे तुम्ही जवळजवळ त्या विजेच्याच चालीवर येऊन बसलात. आम्ही कॉलेजात हे करून बघायला गेलो होतो, डॉल्बीवाल्याकडून एक बेस अँप भाड्यानं आणला आणि साध्या तारा घातलेली गिटार तशीच ए पर्यंत उतरवली. तार सुतळीसारखी लोंबायला लागली, दाबली की स्वर वर सरकायचा, फ्रेटवर आपटायची, आवाज काय तर मेणकापड फडफडल्यासारखा. मग कळलं की त्याला तारा जाड लागतात. तोवर आवाज वाढवून वाढवून त्या अँपच्या स्पीकरचा पडदा मीच फाडला होता, डिपॉझिट गेलं. त्या सायंकाळी बाबा शेडमधून आले, चालू अँपवर हात ठेवला, मागाच्या फळीवर ठेवतात तसाच, डोळे मिटून जरा उभे राहिले आणि म्हणाले, "पट्टा सैल झालाय ह्याचा." इतकी नेमकी समीक्षा मी अजून कुठं वाचली नाही.

तर आता ऐकायचा क्रम, माझ्या मते. आधी 'पिंक', पूर्ण. ते जमलं तर 2002 चा 'हेवी रॉक्स', भगव्या कव्हरचा, सरळ सत्तरच्या दशकातल्या वळणाचं रॉक, फक्त जास्त घाण केलेलं. कव्हरचा रंग लक्षात ठेवा कारण ह्याच नावाचे तीन अल्बम आहेत, 2002, 2011 आणि 2022, जांभळा तो 2011 चा, आणि तिन्हींत साम्य एवढंच की त्या त्या वेळी ह्यांना हेवी म्हणजे काय वाटत होतं ते त्यात आहे. मला भगवा सगळ्यात आवडतो, 2011 चा जरा पसरट वाटतो, पण हे माझं.

मग 'फ्लड', 2000 सालचा, सत्तर मिनिटं, चार भाग. पहिल्या भागात गिटारीची एक छोटीशी ओळ फिरत राहते आणि दोन गिटारी एकमेकींपासून हळूहळू सरकत जातात, गोंधळ होतो, परत जवळ येतात. आमचे दोन नंबरचे आणि तीन नंबरचे माग! मी हॉस्टेलच्या गच्चीवर ऐकताना मोठ्यानं हसलो होतो, सोबतच्यांना वाटलं ह्याला काहीतरी झालं. पुढच्या भागांत ते पाणी वाढत वाढत जातं आणि शेवटी ओसरतं, नाव उगाच दिलेलं नाही. हा ऐकला की मग 2003 चा 'फीडबॅकर', त्रेचाळीस मिनिटांचं एकच गाणं पण पाच भागांत, त्यामुळे हाताला धरायला काहीतरी मिळतं. फीडबॅक म्हणजे अँपचा आवाज गिटारीच्या तारेला परत हलवतो, तार परत अँपला देते, असं चक्र. खोलीत दोन पावलं इकडं सरकलं की स्वर बदलतो, म्हणजे वाजवणारा खोलीच वाजवत असतो. 'अ‍ॅब्सोल्यूटेगो' ह्याच्यानंतर, घाई नको.

हे सोडून ह्यांनी काय काय केलंय ते सगळं लिहीत बसलो तर रात्र होईल. सन ह्या अमेरिकन ड्रोन बँडबरोबर (ड्रोन म्हणजे एकच स्वर लांबवत ठेवायचा) 2006 ला 'ऑल्टर' हा अल्बम. नॉइजवाल्या, म्हणजे नुसत्या गोंगाटाचंच संगीत करणाऱ्या मर्झबाऊबरोबर बरंच काही, त्यात 2016 चा 'गेन्शो' असा आहे की एक भाग बोरिसचा, एक मर्झबाऊचा, आणि दोन्ही एकाच वेळी दोन वेगवेगळ्या सिस्टिमवर लावायचे. मी एक मोबाइलवर आणि एक लॅपटॉपवर लावून बघितला, दोन्ही बरोबर एकदम सुरू करायला माणूस लागतो, बायकोला बोलावलं, तिनं एकदाच मदत केली. 2008 ला नाइन इंच नेल्सच्या अमेरिका दौऱ्यात ते आधी वाजवायचे. 2011 ला तर चक्क पॉपकडं वळून आले, तेव्हा बरेच जुने चाहते चिडले. 2020 च्या जुलैत लॉकडाऊनमध्ये 'नो' काढला, संतापलेला आणि वेगवान, आणि 2022 च्या जानेवारीत 'डब्ल्यू', सगळा वातानं गायलेला, अगदी मऊ, कानात कुजबुजल्यासारखा. दोन्ही नावांची अक्षरं शेजारी ठेवली की इंग्रजी 'नाऊ' होतं. तुम्हाला घरघर नकोच असेल तर 'डब्ल्यू' पासून सुरू केलं तरी माझी हरकत नाही.

ऐकताना मोबाइलचा स्पीकर नको, त्यातून 55 हर्ट्झ निघतच नाही, तुमचा अर्धा बँड गायब होतो आणि उरते ती फक्त करकर, मला तर शंका आहे तुम्ही तसंच ऐकलं असणार. हेडफोन घ्या नाहीतर चांगला बॉक्स असलेला स्पीकर. आणि पुढंमागं अशा कुठल्या हेवी बँडच्या शोला जायचा योग आला तर मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात ते घेऊन जा, कापसाचे बोळे काही उपयोगाचे नाहीत, बाबांनी तीस वर्षं कापूसच घातला होता आणि आता त्यांना हाक मारायची तर समोर जाऊन उभं राहावं लागतं.