डी ड्राइव्हवरचे स्टीम गेम लिनक्समध्ये पुन्हा डाउनलोड न करता चालतील का?

प्रश्न थोडक्यात असा: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या पीसीवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून लिनक्स टाकायचं आहे. गेम सगळे डी ड्राइव्हवर आहेत. ते तसेच चालतील का, आणि डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) कोणतं घ्यावं?

चालतील, आणि पुन्हा डाउनलोडही करावे लागणार नाहीत. फक्त एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) असलेल्या डी ड्राइव्हवरून थेट चालवायचा हट्ट धरू नका. फाइली लिनक्सच्या पार्टिशनवर कॉपी करा आणि तिथून चालवा. उत्तर खरं तर इथेच संपतं. पुढचं वैतागून लिहितोय, कारण ‘लिनक्सवर गेम चालतच नाहीत’ असं छातीठोकपणे सांगणारी बरीच मंडळी नेमकी या ड्राइव्हपाशी अडखळलेली असतात आणि खापर प्रोटॉनवर, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या साधनावर, फोडतात. त्यातला एक माझा मित्रच आहे. त्याच्या मशीनवर जे झालं तेच तुमच्याकडे होईल.

त्याने फाइल मॅनेजरमधून डी ड्राइव्ह उघडला, स्टीममध्ये लायब्ररी म्हणून जोडला, सगळे गेम इन्स्टॉल झालेले दिसले. प्ले दाबलं, बटणाचं ‘स्टॉप’ झालं आणि काही सेकंदांत पुन्हा ‘प्ले’. एरर नाही, खिडकी नाही, काही नाही. मग साहेबांनी प्रोटॉनच्या चार आवृत्त्या बदलल्या, ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, शेवटी डिस्ट्रोच बदललं. ड्राइव्हला मात्र हात लावला नाही. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

घोळ तीन होते, एकाखाली एक दडलेले.

सगळ्यात वर फास्ट स्टार्टअप. विंडोज १० मधलं ‘शट डाउन’ हे पूर्ण शट डाउन नसतं. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, म्हणजे अर्धं हायबरनेशनच. जोडलेल्या एनटीएफएस ड्राइव्हवर ‘हा अजून वापरात आहे’ अशी खूण राहते. ती पाहून लिनक्स ड्राइव्ह माउंट करायला (वापरासाठी जोडून घ्यायला) नकार देतं किंवा फक्त वाचण्यापुरता माउंट करतं. स्टीमला लिहिता येत नाही आणि ‘डिस्क राइट एरर’ येते. म्हणून विंडोज पुसण्याआधीच कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंगखाली, फास्ट स्टार्टअपची खूण काढा आणि शेवटचं शट डाउन शिफ्ट दाबून धरून करा. विंडोज पुसल्यावर हे आठवून उपयोग नाही. मग ती खूण काढायला लिनक्समधली दुरुस्तीची साधनं हुडकत बसावं लागतं.

त्याखाली माउंटचा घोळ. फाइल मॅनेजरमध्ये क्लिक करून उघडलेला ड्राइव्ह पुढच्या वेळी आपोआप माउंट होईलच असं नाही. स्टीम आधी उघडलं की लायब्ररी रिकामी दिसते, माणूस घाबरून ‘इन्स्टॉल’ दाबतो आणि अख्खा गेम पुन्हा उतरायला लागतो. उपाय म्हणजे एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे याची फाइल) ड्राइव्हची यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, देऊन कायमची ओळ टाकणं. त्या ओळीत यूआयडी आणि जीआयडी (वापरकर्त्याचा आणि गटाचा क्रमांक) दोन्ही तुमच्या खात्याचे हवेत. मशीनवर पहिलं खातं तुमचं असेल तर बहुधा १०००. ते चुकले की वाइन (प्रोटॉनच्या पोटातला, विंडोजचे प्रोग्राम चालवणारा भाग) ‘हा प्रीफिक्स तुमच्या मालकीचा नाही’ असं म्हणून थांबतं, पण हा निरोप स्टीमच्या खिडकीत कधीच दिसत नाही. टर्मिनलमधून स्टीम सुरू केलं तरच दिसतो. मित्राच्या मशीनवर तो पहिल्याच प्रयत्नात दिसला असता. दुसरी गंमत: ‘यूजर’ हा पर्याय लिहिला की त्यासोबत ‘नोएक्झेक’ गुपचूप लागू होतं, म्हणजे त्या ड्राइव्हवरून काहीच चालवता येत नाही. म्हणून ‘एक्झेक’ लिहायचं आणि ते ‘यूजर’च्या नंतर लिहायचं. आधी लिहिलंत तर फुकट.

तळाशी होता कोलन, आणि हे मला सगळ्यात आवडणारं कारण आहे. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी कॉम्पॅटडेटा फोल्डरमध्ये एक खोटं विंडोज (हाच वरचा ‘प्रीफिक्स’) उभं करतं. त्याच्या आत डॉसडिव्हायसेस नावाच्या फोल्डरात दोन सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारे दुवे) असतात, एकाचं नाव ‘सी:’ आणि दुसऱ्याचं ‘झेड:’. हो, कोलनसकट. विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात कोलन चालत नाही. माउंट करताना विंडोजच्या नावांचे नियम पाळायला सांगितलेलं असेल तर हे दुवे बनतच नाहीत आणि गेम उघडण्याआधीच मरतो. तसं सांगितलेलं नसेल तर ते बनतात, पण कधी तो ड्राइव्ह विंडोजला जोडलात की त्याला ते सडके वाटतात आणि डिस्क तपासणारं चेकडिस्क त्यांच्यावर तुटून पडतं. ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) ठेवून एनटीएफएसच वापरायचं असेल, तर कॉम्पॅटडेटा फोल्डर लिनक्सच्या पार्टिशनवर बनवा आणि डी ड्राइव्हवर त्याच्या जागी फक्त सिमलिंक ठेवा. चालतं. पण तो जुगाड आहे, आणि जुगाडाने चालवून ‘बघ, अडखळतंय’ म्हणायचं नाही. माउंट झालेल्या ड्राइव्हचा प्रकार ‘फ्यूजब्लॉक’ दिसत असेल तर तुम्ही जुन्या एनटीएफएस-३जी वर आहात, जे कर्नलच्या बाहेर चालतं आणि मोठ्या गेमच्या लोडिंगला प्रोसेसर खातं. ‘एनटीएफएस३’ दिसत असेल तर तो २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून आलेला आतला ड्रायव्हर. वेग बरा, कोलनचा प्रश्न तोच.

आता कॉपी. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल पद्धत) पार्टिशनवर स्टीमची नवी लायब्ररी बनवा आणि स्टीम पूर्ण बंद करा. जुन्या स्टीमॲप्समधल्या ‘कॉमन’ फोल्डरातून गेमचं फोल्डर नव्या ‘कॉमन’मध्ये टाका. सोबत ॲपमॅनिफेस्ट नावाची, त्या गेमचा आकडा असलेली एसीएफ फाइल नव्या स्टीमॲप्समध्ये ठेवा. हा आकडा स्टोअरमधल्या गेमच्या पानाच्या पत्त्यात दिसतो. स्टीम उघडा, गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइली पडताळून घ्या, चुकीचं असेल तेवढंच उतरेल. एक सापळा आहे: गेमची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती असेल तर स्टीम तीच उतरवायला घेईल आणि तुम्ही आणलेल्या विंडोजच्या फाइली वाया जातील. म्हणून स्टीमने काही उतरवायला घेतलेलं दिसलं की ते थांबवा आणि कंपॅटिबिलिटीमध्ये प्रोटॉन सक्तीने निवडा.

डी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर एखादा मोठा गेम उडवून त्या पार्टिशनसाठी जागा करा. एनटीएफएस आकसायचं, थोडं कॉपी करायचं, पुन्हा आकसायचं, ईएक्सटी४ डावीकडे वाढवायचं, असले खेळ करू नका. डावीकडे वाढवताना आतला सगळा डेटा सरकवावा लागतो, त्याला तासन्‌तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर ते पार्टिशन हातचं जाऊ शकतं.

डी ड्राइव्ह कॉपी केला म्हणजे सेव्ह आले असं मात्र नाही. बहुतेक गेमचे सेव्ह सी ड्राइव्हवर असतात: डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स किंवा ॲपडेटामध्ये. स्टीम क्लाउड नसलेल्या गेमचे हे फोल्डर आधी पेनड्राइव्हवर काढा. लिनक्समध्ये गेम एकदा चालू करून बंद करा म्हणजे खोटं विंडोज तयार होईल. मग कॉम्पॅटडेटामध्ये त्या आकड्याच्या फोल्डरात पीएफएक्स, त्यात ड्राइव्ह-सी, यूजर्स, स्टीमयूजर, आणि तिथे नेहमीच्या ओळखीच्या जागी सेव्ह टाका.

हे कळलं की एका लाडक्या सल्ल्याचा धोकाही कळेल. गेम चालला नाही की कोणीतरी हमखास सांगतं, ‘पीएफएक्स उडव, नवीन बनेल.’ बनेल की! पण सेव्ह त्यातच होते. मित्राने क्लाउड नसलेल्या एका गेमचा पीएफएक्स असाच उडवला आणि तेव्हापासून ‘लिनक्सने माझे सेव्ह खाल्ले’ हे त्याचं पालुपद आहे. उडवू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. परिणाम तोच, सेव्ह शाबूत.

मधले व्हिडिओ सुरू होताना टीव्हीसारखे रंगीत पट्टे दिसले तर गेम बिघडलेला नाही. त्या व्हिडिओचा कोडेक (व्हिडिओ उलगडणारा भाग) मिळालेला नाही, एवढंच. प्रोटॉनअप-क्यूटी या ॲपमधून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची सुधारित आवृत्ती घालून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

जुना पीसी म्हणताय म्हणून ग्राफिक्स कार्डाचं बोलू. विंडोजच्या डायरेक्टएक्स ९ ते ११ या ग्राफिक्स भाषेचं व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत रूपांतर प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके करतं, आणि २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या २.० आवृत्तीपासून व्हल्कन १.३ लागतं. एनव्हिडियाची ६०० मालिका आणि ७०० मधली बरीचशी कार्डं ४७० ड्रायव्हरवर अडकलेली आहेत, तिथे व्हल्कन १.२ च आहे. त्यांना प्रोटॉन ७ किंवा त्याआधीची आवृत्ती निवडायची. डायरेक्टएक्स १२ चे गेम विसरायचे. जीटीएक्स ९०० किंवा १००० मालिका असेल तर ५८० हा शेवटचा ड्रायव्हर, आणि तो निवडताना नावात ‘ओपन’ असलेलं पॅकेज घेऊ नका. मी मुक्त सॉफ्टवेअरचा कट्टर माणूस आहे, तरी सांगतो: एनव्हिडियाचं ते खुलं कर्नल मॉड्यूल १६ आणि २० मालिकेपासून पुढेच चालतं. त्याआधीच्या कार्डावर घातलंत तर ड्रायव्हर चढतच नाही.

सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक जागा सांभाळा. ड्रायव्हर घालताना पासवर्ड विचारला जातो आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ असं येतं. तिथे तोच पासवर्ड द्यायचा. लोक घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, मॉड्यूल चढत नाही, आणि मग गेम दहा फ्रेमवर रांगतो.

डिस्ट्रोचं राहिलंच. एनव्हिडिया असेल तर मिंट, ड्रायव्हर मॅनेजर सरळ आहे. एएमडीचं नवं कार्ड असेल तर फेडोरा, कारण कर्नल आणि मेसा (खुले ग्राफिक्स ड्रायव्हर) ताजे मिळतात. यावर तासभर वाद घालणारे भेटतील, घालू द्या. स्टीम मात्र फ्लॅटपॅकचं (बंदिस्त पॅकेजमधलं) घेतलंत तर दुसरा ड्राइव्ह त्याला आपोआप दिसत नाही, फ्लॅटसील या ॲपमधून त्या फोल्डरची परवानगी द्यावी लागते.

आणि हे खरं तर आधी विचारायला हवं होतं: तुमच्या यादीत व्हॅलरंट, फोर्टनाइट किंवा एपेक्स लेजंड्स आहे का? पहिल्याचं अँटी-चीट (खेळातली फसवणूक पकडणारा भाग) विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं, दुसऱ्याच्या कंपनीने लिनक्सला परवानगीच दिलेली नाही, आणि तिसरा आधी चालायचा पण २०२४ मध्ये लिनक्ससाठी बंद केला गेला. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण ते सुरू करायचं की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेले गेमही इथे येत नाहीत. रोज हेच खेळत असाल तर वरचं सगळं सोडा आणि विंडोजवरच राहा. माझा मित्र यातलं एकही खेळत नाही. त्याचा ड्राइव्ह अजून एनटीएफएसच आहे.