ऑस्ट्रेलियाची संत्री, बांगलादेशचं शुल्क आणि तुमची फवारणीची वही

आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी तोंडावर आली की आमच्या कृषी कार्यालयात फळगळीचे, कोळशी रोगाचे प्रश्न यायचे. यंदा व्यापार करारांचे आले. त्यातले पाच निवडून उत्तर देतो.

प्रश्न (काटोल तालुका): ऑस्ट्रेलियाची संत्री बिनकराची येणार आणि नागपूरच्या कळमना बाजारात आपले भाव पडणार, असं गावात बोलतात. खरं काय?

दादा, 'बिनकराची' हे चूक. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारावर 2 एप्रिल 2022 रोजी सह्या झाल्या, पण तो लागू झाला 29 डिसेंबर 2022 ला. मधल्या काळात तिकडच्या संसदेची मंजुरी आणि इकडे सीमाशुल्काच्या अधिसूचना व्हाव्या लागतात. सही म्हणजे सुपारी फुटली, लग्न लागायला वेळ असतो.

संत्री आणि मँडरिन (सैल सालीची संत्री) यांना मिळून वर्षाला 13,700 टनांपुरती सूट आहे, तीही अर्ध्या शुल्काची. त्यापुढच्या मालाला नेहमीचं शुल्क. हा कोटा कोणत्या आयातदाराला किती, ते विदेश व्यापार महासंचालनालय अर्ज मागवून ठरवतं. 10 टनांची गाडी धरली तर अख्ख्या देशासाठी 1,370 गाड्या. हेक्टरी 10 टन धरा, म्हणजे तेवढंच हेक्टर. काटोल-नरखेडात मिळून याच्या कितीतरी पट बागा उभ्या आहेत. शिवाय तिकडचा हंगाम उलटा, साधारण मे ते ऑक्टोबर. आपला आंबिया दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो.

मला काळजी वेगळीच वाटते. परवा नागपुरात धरमपेठेत एका फळवाल्याकडे परदेशी मँडरिन हातात घेऊन पाहिलं. सगळी फळं एका मापाची, देठ सालीलगत कात्रीने कापलेला. शेजारीच आपल्या संत्र्यांचा ढीग. चवीला आपलंच सरस, मी दोन्ही खाऊन पाहिली. पण त्या ढिगात मोठं, मध्यम आणि चुरी (बारीक फळ) एकत्र, आणि ओढून तोडल्यामुळे निम्म्या फळांची देठाकडची साल फाटलेली. प्रतवारी करून विकणं करारात लिहिलेलं नाही, ते आपल्याच हाती आहे.

प्रश्न (त्यांचाच): पण दुसऱ्याच देशाचा माल ऑस्ट्रेलियाचा म्हणून घुसवला तर कोण पाहतं?

सीमाशुल्क खातं. 2020 मध्ये सीमाशुल्क कायद्यात 28डीए हे कलम आलं आणि त्याच वर्षी 21 सप्टेंबरपासून नियमही लागू झाले. त्याआधी मूळ देशाचा दाखला दाखवला की बहुधा काम भागायचं. आता माल त्याच देशात पिकला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची, किमान पाच वर्षं जपायची आणि मागितली की द्यायची. शंका आली तर अधिकारी थेट त्या देशाकडे पडताळणी मागतात आणि उत्तर पटलं नाही तर सवलत नाकारतात. फळाच्या बाबतीत कसोटी सोपी आहे: झाड तिथलं, तोडणी तिथली. शुल्काशिवाय वनस्पती संगरोधाची तपासणी असतेच. कीड-रोगमुक्तीचा दाखला कोणत्याही करारात माफ होत नाही.

प्रश्न (नरखेड तालुका): बांगलादेशशी तर जुना करार आहे, मग तिथे आपल्या संत्र्यावर एवढं शुल्क कसं?

जखमेवर बोट ठेवलंत. सार्क देशांचा मुक्त व्यापार करार 2006 पासून आहे. पण त्यात प्रत्येक देशाला 'संवेदनशील यादी' ठेवता येते. त्या यादीतल्या मालाला सवलत द्यायचं बंधन नाही, आणि मूळ आयात शुल्कावर आणखी अधिभार लावायच्या वाटाही असतात. 2019 ते 2023 या काळात बांगलादेशने संत्र्यावरचं शुल्क चौपटीहून जास्त वाढवलं. तिकडे जाणारी चुरी कळमन्यातच साचली आणि बागांचे उक्ते सौदे मोडले. 2023 च्या अखेरीस राज्य सरकारने त्या शुल्काचा निम्मा भार अनुदान म्हणून उचलायचं ठरवलं. तो तात्पुरता टेकू होता. म्हणून नवीन कराराची बातमी आली की आधी विचारा, आपलं पीक सवलतीच्या यादीत आहे की वगळलेल्या? माझं स्पष्ट मत, सगळा माल एकाच देशाच्या भरवशावर काढणारी बाग ही एका मुळीवर उभं झाड आहे.

प्रश्न (सावनेर तालुका, कापूस): कापसावरचं आयात शुल्क काढलं, तेही करारामुळेच का?

नाही. 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट ते 31 डिसेंबर 2025 पर्यंत माफ केलं, तो केंद्राचा स्वतःचा निर्णय होता आणि तो सर्व देशांच्या कापसाला लागू होता. ऑस्ट्रेलियाच्या करारातला बिनशुल्काचा कोटा वेगळा, वर्षाला 51,000 टन, म्हणजे 170 किलोच्या 3 लाख गाठी. रागावायचं तर कोणत्या निर्णयावर, हे कळलेलं बरं. विक्रीच्या वेळी हमीभाव केंद्राची नोंदणी मात्र चुकवू नका.

प्रश्न (कळमेश्वर तालुका): आमच्या गटाला संत्री बाहेर पाठवायची आहेत. सवलतीसाठी काय लागेल?

निर्यातदाराने मूळ देशाचा दाखला ऑनलाइन काढायचा असतो. पण त्याच्या कागदांची सुरुवात तुमच्या बांधावरून होते. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या हॉर्टीनेट या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी आमच्या विभागामार्फत करून घ्या. लिंबूवर्गीय फळांसाठी तिथे सिट्रसनेट आहे. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याच्या फळात उरलेल्या अंशाला किलोला 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागते. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक तिकडे 2020 पासून बंद आहे आणि आपल्याकडेही 2023 च्या आदेशाने लिंबूवर्गीय पिकांवर बंद झालं आहे. दुकानदाराने दिलं तरी संत्र्यावर मारू नका.

गेल्या आठवड्यात एका गटाची फवारणीची वही पाहिली. अक्षर सुंदर, तारखा बरोबर, आणि औषधाच्या रकान्यात 'निळ्या झाकणाची बाटली'. अशी वही अंश तपासणीच्या वेळी उपयोगाची नाही. औषधातला घटक, पंपाला किती मिलिलिटर, कोणत्या ओळींवर आणि तोडणीला किती दिवस बाकी, एवढं लिहा. बिल त्याच पानाला टाचा. वही घेऊन सोमवारी या, पहिलं पान आपण मिळून भरू.