रजिस्ट्रेशन रद्द झालेले माझे सर देखरेखीच्या अटीवर परत येत आहेत. त्यांचा सुपरवायझर मी व्हावं का?

नाही, होऊ नका.

तुम्ही लिहिलंय की सरांचं डॉक्टर म्हणून असलेलं रजिस्ट्रेशन मेडिकल कौन्सिलने रद्द केलं होतं, आता देखरेखीखाली काम करण्याच्या अटीवर ते परत मिळतंय, आणि सुपरवायझर म्हणून तुमचं नाव सुचवताना सर म्हणाले, ‘तू असताना मला दुसरं कोण हवं?’ हे वाक्य वाचलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मलाही हेच सांगितलं गेलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. वेळ किती जाईल, जबाबदारी कुणाची आणि अटी कधी उठतील, हे तुम्ही विचारलंय. ते पुढे सांगते. आधी मी काय केलं ते ऐका.

माझ्या सरांनी मला पोट तपासायला शिकवलं. आधी हात चोळून गरम करायचा, मग दाबताना नजर पेशंटच्या पोटावर नाही, चेहऱ्यावर ठेवायची. पेशंट ‘दुखत नाही’ म्हणतो तेव्हाही कपाळावर आठी पडते. आज मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगते, आणि सांगताना आवाज सरांचा येतो.

त्यांच्यावर कारवाई झाली ती दोन गोष्टींसाठी. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या पेशंटला न तपासता महिनोन्‌महिने लिहून दिल्या, ही पहिली. तक्रार आल्यावर केसपेपरात मागाहून नोंदी घातल्या, ही दुसरी. पहिली चूक गर्दीची, थकव्याची, सवयीची असू शकते. तिच्यासाठी ताकीद, फार तर काही महिन्यांचं निलंबन झालं असतं. रजिस्टरमधून नाव काढलं गेलं ते दुसरीमुळे.

काही वर्षांनी त्यांनी पुन्हा अर्ज केला. अशा अर्जात सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर असतं, हे तुम्हाला माहीतच असेल. इंग्लंडच्या हायकोर्टाने २००८ साली कोहेन नावाच्या डॉक्टरच्या खटल्यात तीन प्रश्न मांडले, आणि अशा सुनावण्यांत ते आजही फिरून फिरून येतात: चूक सुधारता येण्याजोगी आहे का, ती सुधारली आहे का, आणि पुन्हा होण्याची शक्यता अगदीच कमी आहे का. कौशल्याची चूक असेल तर या प्रश्नांना उत्तर देता येतं. परीक्षा घ्या, कोर्स करा, शंभर केसेस दाखवा. खोट्या नोंदीची चूक असेल तर काय दाखवणार? खरेपणाची परीक्षा नसते. त्या माणसाला खोटं लिहिणं शक्य असेल अशा जागी बसवायचं आणि तो ते लिहीत नाही हे कुणीतरी पाहायचं, एवढा एकच मार्ग उरतो. देखरेख म्हणतात ती हीच. हे मला आज कळतंय. तेव्हा मला वाटलं होतं, माझी सही म्हणजे सरांच्या कागदपत्रांतला एक कागद.

अटी कडक होत्या. फक्त आमच्याच क्लिनिकमध्ये काम करायचं, एकट्याने नाही. मी त्याच इमारतीत हजर असतानाच पेशंट बघायचे. झोपेच्या गोळ्या आणि अफूवर्गातली औषधं माझ्याशी बोलल्याशिवाय लिहायची नाहीत, आणि त्यांची वेगळी वही ठेवायची. महिन्यातून एकदा बसून केसपेपर तपासायचे, दर तीन महिन्यांनी कौन्सिलला रिपोर्ट.

पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटी सर स्वतःच दहा केसपेपर घेऊन माझ्या खोलीत आले. सुरेख अक्षर, तपासणी नीट लिहिलेली, एकही मोकळी जागा नाही. मी उभी राहिले. ते म्हणाले, ‘बस गं.’ मी बसले आणि सही केली. दहातले दोनच उघडून पाहिले होते. रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘नोंदी समाधानकारक.’ कोणते पेपर तपासायचे हे त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यात काही गैर आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आपल्याकडे म्हणतात, भीड भिकेची बहीण. माझ्या भिडेने मी कौन्सिलला खोटा रिपोर्ट पाठवला होता.

चौथ्या महिन्यात मी दोन दिवस रजेवर गेले. जाताना सरांना म्हणाले, ‘दोनच दिवस आहेत, तुम्ही सांभाळाल ना?’ आदेशात स्पष्ट होतं की मी नसेन तेव्हा दुसरा मंजूर सुपरवायझर हवा, नाहीतर काम बंद. अट मोडायला मीच सांगून गेले.

परत आल्यावर पेपर मी निवडले. कॉम्प्युटरवरून त्या महिन्याची पूर्ण यादी काढली, वीस नावांवर खुणा केल्या, आणि प्रत्येक नोंद कधी टाइप झाली त्याची वेळ बघितली. एक नोंद गुरुवारी संध्याकाळची म्हणून लिहिलेली होती आणि टाइप झाली होती शुक्रवारी सकाळी नऊनंतर. वयस्कर बाई, झोपेच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू, गोळ्या संपल्या म्हणून आलेल्या. सरांनी लिहून दिल्या. वहीत नोंद नाही.

मी विचारलं. सर शांतपणे म्हणाले, ‘ही गोळी एकदम बंद झाली तर फिट येऊ शकते, हे मीच शिकवलंय ना तुला? त्यांना काय परत पाठवायचं होतं?’

‘सर, गोळी बरोबर आहे. तारीख बरोबर नाही.’

‘एका रात्रीचा फरक.’

‘तक्रारीत पण तेच होतं, सर.’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘लिही. तुला जे दिसलं ते लिही.’ आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी लिहिलं. गोळी द्यायचा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या योग्य होता, हे पहिल्या ओळीत. नोंद मागाहून करून आदल्या दिवसाची दाखवली, हे दुसऱ्या. मी रजेवर होते, पर्यायी सुपरवायझर नेमला नव्हता आणि सरांना काम चालू ठेवायला मीच सांगितलं, हे तिसऱ्या. पहिला रिपोर्ट नीट न तपासता दिला होता, हेही लिहिलं. पत्र पाठवून झाल्यावर तासभर मी खोलीचं दार लावून बसले होते.

कौन्सिलने सरांचं रजिस्ट्रेशन काढलं नाही. देखरेखीची मुदत एक वर्षाने वाढवली, पहिले सहा महिने प्रत्येक पेशंट निघण्यापूर्वी सुपरवायझरशी बोलायचं अशी अट घातली, आणि सुपरवायझर बदलला. नवीन सुपरवायझर सरांना कधी भेटलेला नव्हता. मला कळवलं गेलं की मी या कामासाठी योग्य नव्हते. ते खरं होतं.

आमच्या बॅचच्या एका मित्राने मला तेव्हा फोन करून सुनावलं. ‘ज्याने हात धरून शिकवलं त्याच्या पोटावर पाय दिलास.’ आणि मग असं काही म्हणाला की ज्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही: ‘विश्वास नाही तर रजिस्ट्रेशन देऊ नका. दिलंत तर माणसावर पाळत ठेवू नका. हे अर्धवट काय?’

त्याचं उत्तर आज इथे देते, कारण तुम्हालाही कुणीतरी हेच ऐकवणार आहे.

हॅरॉल्ड शिपमन या इंग्लंडमधल्या डॉक्टरला १९७६ साली पेथिडीन या अफूवर्गातल्या वेदनाशामकाच्या खोट्या प्रिस्क्रिप्शनबद्दल कोर्टाने ६०० पौंड दंड केला. पेथिडीन तो स्वतः घेत होता. व्यसनावर उपचार घेतले, आणि तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने त्याला ताकीद देऊन सोडलं. तो पुन्हा प्रॅक्टिसमध्ये आला, १९९२ पासून तर एकट्याच्याच दवाखान्यात. २००० साली पंधरा पेशंटच्या खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली. नंतरच्या चौकशीने बळींचा आकडा २१५ धरला. हे उदाहरण टोकाचं आहे, आणि माझ्या सरांच्या शेजारी ते नाव ठेवणं अन्यायाचं आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ‘दिलंत ना परत, मग सोडा मोकळं’ हा माझ्या मित्राचा जो आग्रह आहे, तो त्या वेळी प्रत्यक्षात आला होता. एकदा खोटी प्रिस्क्रिप्शनं लिहिलेल्या माणसाच्या प्रिस्क्रिप्शनांकडे पुन्हा कुणी बघायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

दुसरं उदाहरण डॉ. हदिझा बावा-गरबा यांचं. २०११ साली लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये त्यांच्या देखभालीतला सहा वर्षांचा मुलगा गेला, २०१५ साली घोर निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल त्या दोषी ठरल्या, जानेवारी २०१८ मध्ये हायकोर्टाने नाव काढलं आणि त्याच ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला. २०१९ मध्ये डॉक्टरांच्या सुनावण्या घेणाऱ्या लवादाने त्यांना कामावर परतू दिलं ते चोवीस महिन्यांच्या अटींवर, जवळच्या देखरेखीखाली. मुख्य कारण असं की त्या बरीच वर्षं कामापासून दूर होत्या. तिथे कुणी म्हणालं नाही की त्या खोटारड्या आहेत, म्हणून पाळत ठेवा. हात बसेपर्यंत शेजारी कुणीतरी हवं, एवढंच.

म्हणून, मित्रा, हे अर्धवट नाही. रजिस्ट्रेशन परत देताना कौन्सिल ‘हा माणूस सुधारला’ असं म्हणत नाही. सुधारला असावा, बघून सांगा, असं म्हणते. आणि बघायला बसवलेल्या माणसाने डोळे मिटले तर नुकसान आधी त्या परतलेल्या डॉक्टरचंच होतं. माझा तो पहिला रिपोर्ट उद्या चौकशीत कुणी उघडला असता तर त्याच्या आधारे सरांचं एक वाक्यही टिकलं नसतं. पोटावर पाय मी तेव्हा दिला होता, त्या सहीच्या दिवशी. पत्राच्या दिवशी नाही.

आता तुमचे प्रश्न. वेळ आणि जबाबदारी देखरेखीच्या पातळीवर ठरते, म्हणून आदेशात आधी ती शोधा. ऑस्ट्रेलियात २०२२ पासून चार पातळ्या आहेत आणि त्यावरून कल्पना येईल. सगळ्यांत कडक पातळीत सुपरवायझर शेजारी उभा असतो आणि पेशंटची मुख्य जबाबदारी त्याचीच. दुसरीत तो त्याच जागेत असतो, जबाबदारी दोघांची. तिसरीत फोनवर, पण गरज पडली तर येऊ शकेल असा, आणि चौथीत फक्त फोनवर. या शेवटच्या दोन्हींत मुख्य जबाबदारी परतलेल्या डॉक्टरची. माझ्या सरांच्या अटी या दुसऱ्या पातळीसारख्या होत्या, आणि तिलाच माझा आठवड्यातला निदान अर्धा दिवस जायला हवा होता. मी महिन्याला एक तास दिला. अटी मुदत संपली म्हणून आपोआप उठतील असं धरून चालू नका. बहुतेक ठिकाणी फेरविचार होतो, आणि तेव्हा सुपरवायझरचे रिपोर्ट सगळ्यांत जास्त मोजले जातात.

नियम देशादेशांत वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये नाव काढलं की पाच वर्षं अर्जच करता येत नाही आणि अटी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांच्या घालता येतात. तुमच्याकडे वेगळं असू शकेल, तेव्हा मूळ आदेश शब्दन्‌शब्द वाचा. सरांची चूक फक्त कौशल्याची असेल, एखादी शस्त्रक्रिया किंवा निदान चुकलं असेल, तर माझं ‘नाही’ थोडं सैल होईल, कारण विद्यार्थ्यालाही टाका चुकलेला दिसतो. आणि कारवाई पेशंटशी लैंगिक गैरवर्तनाबद्दल झाली असेल तर सुपरवायझर कोण हा प्रश्नच नाही. तपासताना खोलीत तिसरा माणूस ठेवला की पेशंट सुरक्षित, ही समजूत ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या स्वतंत्र आढाव्याने खोडून काढली आणि ती पद्धत सोडायला सांगितली. असं प्रकरण असेल तर त्यापासून पूर्ण लांब राहा.

बाकी कुठल्याही परिस्थितीत, सरांना अनोळखी सुपरवायझर मागायला सांगा. कौन्सिल सहसा जवळचा नातेवाईक किंवा भागीदार चालवून घेत नाही; विद्यार्थ्याचं नाव मात्र कधी कधी त्यातून निसटतं, माझं निसटलं तसं. कौन्सिलच्या फॉर्मवर तुमचं त्यांच्याशी नातं काय असं विचारतील, तिथे मी ‘सहकारी’ लिहिलं होतं. तुमचं नाव आधीच गेलं असेल तर आजच कळवा की तुम्ही त्यांचे विद्यार्थी आहात.

सरांना फोन करा, मेसेज नको. ते विचारतील, ‘का गं?’ किंवा ‘का रे?’ तेव्हा सांगा की तुमच्यासमोर मी अजून उभं राहूनच बोलतो, आणि उभं राहून कुणाचे केसपेपर तपासता येत नाहीत. त्यांना वाईट वाटेल. माझे सर माझ्याशी अजून बोलत नाहीत. त्यांच्या अटी गेल्या वर्षी उठल्या, हे मला कौन्सिलच्या रजिस्टरवर त्यांचं नाव शोधल्यावर कळलं.