जोडी जमली, अंडीही पडली, पुढे काय?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवले जाणारे ड्वार्फ एंजल, म्हणजे सेंट्रोपायगी या प्रजातीतले (फ्लेम एंजल, कोरल ब्यूटी वगैरे) बोटभर लांबीचे रंगीत मासे, यांच्या जोड्या आणि पिल्लांबद्दल आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

मुंबईहून दोन फ्लेम एंजल आणले. दोन्ही एकाच मापाचे. दुकानदाराने ‘पेअर’ म्हणून दिले, पण आठवडाभर मारामारी थांबत नाही. यातला नर कुठला? (चिपळूण)

दोन मासे एकाच वेळी विकले गेले की दुकानात त्याला ‘पेअर’ म्हणतात. त्यावर विसंबू नका.

ड्वार्फ एंजल वयात येतात ते मादी म्हणून. गटातला सर्वांत थोराड, दांडगा मासा पुढे नर होतो. समुद्रात एका नराच्या हद्दीत दोन-चार माद्या असतात. नर गेला की सर्वांत मोठी मादी त्याची जागा घेते, आणि काही आठवड्यांत ती खरोखरच नर झालेली असते. म्हणून यांची जोडी शोधत बसायची नसते, लावायची असते. त्यासाठी मापात ठळक फरक हवा. एक आठ सेंटिमीटरचा असेल तर दुसरा पाच-साडेपाचचा घ्या. धाकट्याला आधी टाकीत सोडा, थोरल्याला नंतर.

तुमचे दोघे एकाच मापाचे, त्यामुळे दोघंही थोरलेपणावर हक्क सांगतायत. दोन्ही माद्या असतील तर आज ना उद्या एक माघार घेईल. दोन्ही नर असतील तर बहुधा एक मरेल. नर पुन्हा मादी झाल्याच्या नोंदी जपानमध्ये काही सेंट्रोपायगींवर झाल्या आहेत, पण त्या आशेवर इतका महाग मासा पणाला लावू नये.

ओळखायचं असेल तर पाठीवरच्या आणि पोटामागच्या पराची मागची टोकं पाहा. पूर्ण वाढलेल्या नराची टोकं लांब आणि अणकुचीदार असतात, तिथल्या निळ्या रेघाही जास्त भरलेल्या. मादीची टोकं गोलसर. कोवळ्या माशांत मात्र हा फरक इतका पुसट असतो की कुणी छातीठोक सांगितलं तर मला हसू येतं.

आता करायचं ते असं. बारीक भोकं पाडलेली ॲक्रिलिकची फळी घालून दोघांना वेगळं करा आणि दहा-पंधरा दिवस नुसतं एकमेकांना दिसू द्या. मग दगडांची मांडणी पूर्ण बदलून, दिवे मालवल्यावर फळी काढा. एकाने दुसऱ्यापुढे अंग तिरकं करून थरथर केली की त्याने दुसऱ्याचं थोरलेपण मान्य केलं म्हणायचं. थोडा पाठलाग होणारच. पण एखादा मासा फाटक्या परांनी वरच्या कोपऱ्यात, हीटरमागे लपून राहिला आणि खायलाही येईना, तर प्रयोग तिथेच थांबवा. टाकी दोनशे लिटरपेक्षा लहान असेल तर मांडूच नका.

माझ्या गोड्या पाण्यातल्या एंजलनी फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली आणि दोघं राखण करत बसले. कोरल ब्यूटीची जोडी मात्र वर्षभर गुण्यागोविंदाने राहते, पण एकही अंडं दिसलं नाही. (सावंतवाडी)

दोघांत नावापलीकडे काहीच सारखं नाही. गोड्या पाण्यातला एंजल हा ॲमेझॉनकडचा सिक्लिड. अंडी चिकटवणं आणि राखणं त्याच्या रक्तातच आहे. ड्वार्फ एंजल अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. तुमची जोडी कदाचित रोज संध्याकाळी अंडी घालत असेल आणि रात्रभरात ती स्किमरमध्ये (फेसातून पाण्यातला मळ काढणाऱ्या यंत्रात) जात असतील.

दिवे मंद व्हायच्या सुमारास खुर्ची टाकून बसा. नर पर ताणून मादीभोवती गिरक्या घेतो, वर जातो, पुन्हा खाली येऊन तिला बोलावतो. मग दोघं सावकाश वर चढतात, नर तिच्या पोटाशी तोंड लावून राहतो आणि एका झटक्यात अंडी-वीर्य सोडून दोघं दगडाकडे पळतात. पापणी लवली तर चुकेल. चढायला उंची लागते, म्हणून पाण्याची खोली ५० सेंटिमीटरच्या वर असलेली बरी.

हे दिसत नसेल तर दिव्यांकडे बघा. अंडी घालणं संधिप्रकाशाशी बांधलेलं असतं. पत्रावरून तुमची टाकी हॉलमध्ये आहे आणि ट्यूबलाइट अकरापर्यंत जळते. अशा घरात माशांना संध्याकाळ होतच नाही. टायमर लावा, पांढरे दिवे आधी आणि निळे अर्ध्या तासाने बंद होऊ द्या, आणि टाकीची ती बाजू पडद्याने झाका.

दुसरं कारण खाणं. दिवसातून एकदा कोरडे दाणे टाकून मादी अंड्यावर येत नाही. बाजारात ताजा जवळा मिळतो, तो धुऊन गोठवून ठेवा. कोलंबी, कालवं आणि थोडी गाबोळी बारीक करून दिवसातून तीन-चार वेळा चिमूट-चिमूट द्या. मात्र हे मासे मुळात दगडावरचं शेवाळ टिपत फिरणारे आहेत, तेव्हा नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी रोज हवी. सुका जवळा नको. त्यात कस उरलेला नसतो आणि पाणी मात्र नासतं.

एक फ्लेम आणि एक कोरल ब्यूटी अशी जोडी लावली तर? (गुहागर)

जमेलही. समुद्रात लेमनपील आणि एबली यांच्यासारख्या जवळच्या जातींचे संकर सापडतात. पण जातीचा जोडीदार मिळत असताना मुद्दाम संकर कशाला? मी करणार नाही.

टाकीतल्या मांडणीसाठी जांभा चालेल का? आणि किनाऱ्यावर वाहून आलेले पोवळ्याचे तुकडे? (मालवण)

जांभा नको. तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा दगड. पाण्यात झिजून तांबडा गाळ सोडतो, आणि चुनखडीसारखा पाण्याचा सामू सांभाळायला त्याचा काही उपयोग नाही. घराला चिरा, टाकीला काळा दगड, एवढं लक्षात ठेवा.

पोवळ्याला तर हातच लावू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडासुद्धा घरी नेता येत नाही. त्यात तुमच्या दारात १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य. जोडीच्या टाकीला तेवढी सजावट लागतही नाही. पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि जुन्या मातीच्या कौलांचे खापर घासून, भिजवून ठेवा. कौलावर शेवाळ छान धरतं आणि मासे दिवसभर ते टिपत बसतात.

जोडी रोज अंडी घालते. वर तरंगणारी थोडी अंडी कपाने काढली, दुसऱ्या दिवशी पिल्लं निघाली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळी गेली. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक कोलंबीवजा जीव) दिली होती. (रत्नागिरी)

आर्टेमिया त्यांच्या तोंडात मावतच नाही. मोदक अख्खाच्या अख्खा तान्ह्या बाळापुढे ठेवल्यासारखं झालं ते.

अंडं पाऊण मिलिमीटरहूनही लहान. २७ अंशांच्या आसपास ते दुसऱ्या सकाळपर्यंत फुटतं. निघालेल्या पिल्लाला तोंडही नसतं, कामाचे डोळेही नसतात. बलकावर तीनेक दिवस निघतात आणि मग तोंड उघडतं तेव्हा समोर ५० ते ७० मायक्रॉनचं (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), हलणारं, पौष्टिक खाणं हवं. आर्टेमियाचं पिल्लू ४०० मायक्रॉनच्या वर. सहज मिळणारा रोटिफर हा सूक्ष्म जीवही बहुतेक वेळा शंभराच्या पुढचा. बसतं ते कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जिवाचं नुकतं निघालेलं पिल्लू, त्यातही पार्व्होकॅलॅनस या अगदी लहान कोपेपॉडचं. हवाईत फ्रँक बेन्श यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ड्वार्फ एंजल वाढवून दाखवले, आणि पुढे इंडोनेशियात बाली ॲक्वारिचने एंजलची पैदास व्यवसाय म्हणून केली. घरात हे अडतं ते माशापाशी नाही, या खाण्यापाशी.

म्हणून अंडी गोळा करणं सध्या थांबवा. ती रोज मिळणारच आहेत. आधी आयसोक्रायसिससारखं एकपेशीय शेवाळ बाटल्यांत वाढवा, त्यावर कोपेपॉड. ते सलग दोन-तीन महिने न कोसळता चाललं की अंड्यांना हात लावा. कोपेपॉडच्या संवर्धनाचं काम सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) केरळातल्या विळिंजम केंद्रात चालतं. तुमच्या गावात तर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. तिथे जाऊन शेवाळाच्या संवर्धनाबद्दल विचारा, लाजू नका. रात्री जेटीवर दिवा सोडून प्लवंग-जाळीनेही कोपेपॉड मिळतात, पण सोबत लहान जेलीफिश आणि बाणकृमी येतात. ते पिल्लं फस्त करतात, तेव्हा गाळल्याशिवाय काही टाकीत जाऊ देऊ नका.

पिल्लांची टाकी गोल, काळ्या भिंतींची, हवा अगदी मंद. पाणी शेवाळाने हलकं हिरवं ठेवायचं आणि दर मिलिलिटरमागे पाच-दहा कोपेपॉड पिल्लं सतत राहतील असं पाहायचं. हे जवळपास दोन महिने, मासा रंग धरेपर्यंत. शेकडो अंड्यांतून दोन-तीन मासे हाती लागले तरी घरच्या माणसाने पेढे वाटावेत. आणि तोवर हात बसावा म्हणून क्लाउनफिशची एक खेप काढून पाहा. त्याची पिल्लं मोठी असतात आणि पहिल्या दिवसापासून रोटिफर खातात.

समुद्राचं पाणी वापरतो. पावसाळ्यात काय करायचं? वीजही जाते. (देवगड)

पाणी मे महिन्याआधीच भरून ठेवा. खाडीच्या तोंडापासून लांब, भरतीच्या वेळी, होडीने आत जाऊन. १ जूनला मासेमारी बंदी लागली की ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्या किनाऱ्याला, आणि काठचं पाणी तोवर गढूळ आणि पावसाने पातळ झालेलं असतं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या तरी पाणी निवळायला दिवाळी उजाडते. भरलेले ड्रम अंधारात झाकून ठेवा. वापरण्याआधी गाळा आणि रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता पाहा. दर हजारी ३३ ते ३५ असली की पुरे. ड्रम कमी पडले तर कृत्रिम मीठ घ्या, काठचं पाणी घेऊ नका.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा त्रास तेव्हाच. मे महिन्यात टाकी ३१ अंशांवर जाते. पंखा लावून घाटावर भागतं, कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं, त्यामुळे पंख्याने जेमतेम एक-दोन अंश उतरतात. जोडी पैदाशीसाठीच ठेवायची असेल तर पाणी थंड करणाऱ्या चिलरचा खर्च धरूनच चला.

वीज गेल्यावर अचानक अंधार झाला तर त्या संध्याकाळची अंडी चुकतात, त्याने बिघडत नाही. इन्व्हर्टरवर पाणी फिरवणारा एक पंप ठेवा, शिवाय बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या. चिलर इन्व्हर्टरवर टाकू नका. जुलैत त्याची फारशी गरज पडत नाही.