घरच्या बिअरच्या पहिल्याच ऑल-ग्रेन (तयार अर्काऐवजी थेट धान्यापासून केलेल्या) बॅचची ओजी (आंबवण्याआधीची घनता) कमी आली. पुढच्या वेळी धान्य वाढवावं का?

धान्य वाढवू नका. निदान इतक्यात तरी नको.

तुम्ही दिलेले आकडे असे: ५ किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), ६६ अंशांवर तासभर मॅश (भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवणं), रेसिपीत २० लिटर आणि ओजी १.०५०, हाती आली १.०४२. एफजी (आंबल्यानंतरची घनता) १.०१०. बिअर पातळ लागते, मागे किंचित तुरटपणा राहतो, म्हणून मॅश फसला असं तुम्हाला वाटतंय. पण प्रश्नाच्या शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘पातेलं भरेपर्यंत स्पार्ज केलं, फर्मेंटरमध्ये २३ लिटर भरलं.’ (स्पार्ज म्हणजे धान्यावर गरम पाणी ओतून उरलेली साखर धुऊन काढणं, फर्मेंटर म्हणजे आंबवायचं भांडं.) माझा संशय त्या २३ वर आहे.

ओजीवरून वर्ट (धान्यातून निघालेलं गोड पाणी) किती दाट आहे एवढंच कळतं. एकूण साखर किती उतरली हे बघायचं तर पॉइंटना (१.०५० म्हणजे ५० पॉइंट) लिटरने गुणावं लागतं. रेसिपीचे ५० गुणिले २०, म्हणजे १०००. तुमचे ४२ गुणिले २३, म्हणजे ९६६. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. साखरेच्या पाण्यात आणखी पाणी ओतलं तर गोडी उतरते, साखर तेवढीच राहते. इथेही तेच झालंय. ५ किलो पेल माल्टमधून अगदी सगळं निघालं तर साधारण १५०० पॉइंट मिळतील. म्हणजे तुमची एफिशियन्सी (शक्य साखरेपैकी प्रत्यक्ष उतरलेला वाटा) ६४ टक्क्यांच्या आसपास आली. घरच्या साधनांवर लोकांना बहुतेक वेळा ६५ ते ७५ मिळते. पहिल्या बॅचला याला फसलेला मॅश कोणी म्हणणार नाही.

एफजीही तुमच्याच बाजूने बोलते. थर्मामीटर चुकीचा असता आणि मॅश खरं तर ७० च्या वर गेला असता, तर यीस्टला न पचणारी साखर जास्त राहिली असती आणि आंबणं १.०१६-१.०१८ ला अडकलं असतं. १.०१० पर्यंत उतरलं याचा अर्थ तापमान बरोबर होतं.

आता तुरटपणा. स्पार्ज लांबवत गेलं की शेवटी शेवटी धान्यातून जवळजवळ नुसतं पाणीच येतं. निचऱ्याची घनता १.०१० च्या खाली गेली की पीएच चढायला लागतो आणि टरफलांतलं टॅनिन (तुरट द्रव्य) सुटतं. स्पार्जचं पाणी ७७ अंशांपेक्षा गरम असेल तर आणखीच. म्हणजे पातळपणा आणि तुरटपणा ही बहुधा एकाच कारणाची दोन रूपं आहेत. अशा वेळी धान्य वाढवून तसाच स्पार्ज केलात तर ओजी कदाचित जमेल, पण तुरटपणा काही जाणार नाही.

त्यापेक्षा पाण्याचा हिशेब उलट्या बाजूने मांडा. फर्मेंटरमध्ये २० लिटर हवं. पातेल्याच्या तळाशी गाळात दीड लिटर जाईल. तासभराच्या उकळीत ३ ते ४ लिटर उडेल; पातेलं रुंद असेल तर जास्त, त्यामुळे हा आकडा माझ्याकडून न घेता एकदा साधं पाणी तासभर उकळून स्वतःच काढा. म्हणजे उकळायच्या आधी साधारण २५ लिटर. धान्य किलोमागे जवळपास १ लिटर पाणी धरून ठेवतं, तिथे ५ लिटर. एकूण झालं ३० लिटर, त्यातलं निम्मं मॅशला आणि निम्मं स्पार्जला. एवढं पाणी संपलं की थांबायचं, पातेलं कितीही रिकामं दिसो. मी एका स्टीलच्या पट्टीवर लिटरच्या खुणा करून ठेवल्या आहेत. महागड्या उपकरणांपेक्षा त्या पट्टीचा उपयोग जास्त होतो, हे जरा विचित्रच आहे.

दुसरं, उकळी येण्याआधी वर्टची घनता मोजा. वर्ट आधी तळापासून ढवळा, कारण दाट निचरा खाली बसलेला असतो आणि वरून घेतलेला नमुना फसवतो. नमुना झाकून २० अंशांपर्यंत गार करा. गरम वर्टमध्ये हायड्रोमीटर कमी दाखवतो. २५ लिटरला १.०४३ च्या आसपास आलं तर निवांत पुढे जा. कमी आलं तर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालायच्या आधीच थोडा वेळ जास्त उकळा. हॉप्स पडल्यावर उकळ लांबवली तर कडवटपणाही वाढत जातो.

भरडीकडे सगळ्यात शेवटी बघा. वरचा हिशेब पाळूनही पॉइंट खूपच कमी पडले तर चोथा हातात घेऊन पाहा. त्यात अख्खे दाणे सापडले तर भरड जाड आहे. थोडी बारीक करा, पण टरफलं शाबूत राहू द्या. पीठ झालं तर गाळणीचा थर बसतो आणि निचरा अडतो. पिशवीत मॅश करत असाल तर मात्र बरीच बारीक भरडही चालते.

रेसिपी बदलू नका, हीच परत करा. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

आत्ता बाटल्यांत आहे ती बिअर साधारण ४.२ टक्क्यांची झाली आहे, त्यात काही बिघडलेलं नाही. कार्बोनेशन (बाटलीत गॅस धरणं) पुरं झालं की तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत टॅनिन प्रथिनांना धरून तळाशी बसतं, तेवढा तुरटपणा कमी होईल. ओतताना तळाचा गाळ ग्लासात येऊ देऊ नका.